खडीवरची तालीम

केजच्या कॉलेजात सिद्धलिंगसर अर्थशास्त्र शिकवायचे, पण त्यांचं नाव झालं होतं ते भाषणांमुळं. वादविवाद स्पर्धा अंबाजोगाईला असो, बीडला असो नाहीतर औरंगाबादला, सर दोन पोरं निवडायचे, त्यांना भाषणं लिहून द्यायचे आणि घोटून घ्यायचे. हात कुठं उचलायचा, आवाज कुठं चढवायचा, कुठं क्षणभर थांबून समोर रोखून बघायचं, सगळं वहीत तांबड्या शाईनं मांडलेलं. कॉलेज निघून जेमतेम तीन वर्षं झाली होती. वर्ग पत्र्याखाली भरायचे, प्रयोगशाळेला दार नव्हतं. पण प्राचार्यांच्या टेबलामागं दोन फिरत्या ढाली मांडलेल्या होत्या आणि दोन्ही सरांच्या पोरांनी आणलेल्या होत्या.

बहात्तर सालच्या दिवाळीआधी विद्यापीठाचं पत्रक आलं. विभागाची फेरी फेब्रुवारीत, बीडला. विषय होता, ‘सहकारी चळवळीवाचून दुष्काळी भागाला तरणोपाय नाही’. प्रत्येक कॉलेजातून दोघं, एक विषयाच्या बाजूनं, एक विरुद्ध. खाली एक नवा नियम होता. भाषण संपलं की विरुद्ध बाजूचा एक वक्ता प्रश्न विचारील आणि उत्तर तिथल्या तिथं द्यावं लागेल. निम्मे गुण त्यालाच. सरांनी तो नियम वाचला, पण फारसा मनावर घेतला नाही. उत्तरंही लिहून देऊ, इतकंच त्यांच्या मनात आलं.

त्यांनी रामकिसन आणि शिवकन्या अशी जोडी निवडली. दोघंही हिवरदऱ्याची. रामकिसन कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. पाठांतर असं, की दोनदा वाचलेलं पान तिसऱ्यांदा न बघता म्हणायचा. शिवकन्या सुंदररावांची मुलगी. सुंदरराव म्हणजे हिवरदऱ्यातले मोठे जमीनदार, गावच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन आणि कॉलेजच्या संचालक मंडळावरही. मुलीला शिकायला केजला मावशीकडं ठेवल्याबद्दल भावकीनं त्यांना बरंच ऐकवलं होतं. कोणती बाजू कुणी घ्यायची ह्यासाठी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. रामकिसनला सहकाराची बाजू आली, शिवकन्येला विरोधाची. सरांनी सुट्टीत बसून दोन्ही भाषणं लिहिली आणि दोघांच्या हातात दिली.

सुट्टी संपली, कॉलेज उघडलं, पण रामकिसन आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. खरीप तर कधीच करपून गेला होता, रब्बीची पेरणीच झाली नव्हती. वर्गातले निम्मे बाक रिकामे होते, त्यामुळं हजेरी घेताना कुणी दचकतही नव्हतं.

"रामकिसन कुठंय गं?" सरांनी शिवकन्येला विचारलं.

"खडीवर हाय सर. आमच्या गावापासून केजकडं दुष्काळी कामाचा नवा रस्ता निघालाय न्हाई का, तिथं. त्याचे वडील बैलं घेऊन गोदाकाठाला सोयऱ्याकडं गेलेत. घरी तो आन आईच."

सरांनी रविवारी सायकल काढली. दहा-बारा किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंनी उघडी पडलेली काळी रानं, विहिरींवर रिकाम्या लोंबणाऱ्या मोटा. कामाच्या जागी पोचले तर शंभर-सव्वाशे माणूस उन्हात बसून दगड फोडत होतं. बायकाच जास्त. प्रत्येकापुढं खडीचा ढीग, कारण माप प्रत्येकाच्या ढिगाचं वेगळं व्हायचं. रामकिसन एका बाजूला बसला होता, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या.

सरांना बघून तो उठला आणि हात मागं लपवले.

"माफ करा सर. हजेरीपटावर नाव हाय. चार दिवस न्हाई आलो तर दुसऱ्याला घेत्यात."

"आणि स्पर्धा?"

"पाठ हाय की समदं. म्हणून दाखवू?"

सरांनी मान हलवण्याआधीच त्यानं सुरू केलं. उभ्यानंच, हातात हातोडी तशीच. ‘सन्माननीय अध्यक्ष महोदय’पासून शेवटच्या ‘जय सहकार’पर्यंत एक अक्षर चुकलं नाही. आजूबाजूच्या हातोड्या हळूहळू थांबल्या. पोरगं काहीतरी भारी बोलतंय म्हणून बाया ऐकायला लागल्या. सरांना बरं वाटलं.

भाषण संपल्यावर जवळच बसलेली पस्तिशीतली एक बाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "रामकिसन, लई ग्वाड बोललास बाबा. आता मला सांग, सहकार म्हंजे आपली सोसायटीच का?"

तिचं नाव बायनाबाई. नवरा वारून तीन वर्षं झाली होती, चार एकराचं रान एकटीच करायची.

"हां, काकू. सोसायटी म्हंजे सहकारच."

"मंग तू म्हन्तोस का त्यानं दुष्काळ हटतो. आपल्या गावात सोसायटी धा वर्षांपासून हाय. दुष्काळ कावून पडला?"

रामकिसननं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यानं सरांकडं पाहिलं. सर पुढं झाले. "बाई, सहकार म्हणजे नुसती सोसायटी नाही. सहकार म्हणजे शोषणमुक्त समाजरचनेचा लोकशाही अर्थव्यवस्थेतला आविष्कार. त्याचं मूल्यमापन दीर्घ पल्ल्याच्या दृष्टीनं..."

बायनाबाईनं सगळं मन लावून ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणानं विचारलं, "मास्तर, मला तर काय कळलं न्हाई. तुमाला तरी कळलं का?"

सगळ्या बाया खो खो हसल्या. मुकादम सुग्रीव लांबून ओरडला, "हात चालवा, हात!" आणि हातोड्या पुन्हा सुरू झाल्या.

सर सायकलवर बसले तेव्हा त्यांचे कान तापले होते. अर्ध्या वाटेपर्यंत ते मनातल्या मनात त्या बाईला उत्तर देत होते, एकाहून एक सुंदर वाक्यांत. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की ह्यातल्या एकाही वाक्यानं तिचं समाधान झालं नसतं. आपल्याला उत्तर ठाऊकच नव्हतं. बीडच्या स्टेजवर कुणी असंच साधं काही विचारलं, तर रामकिसन असाच तोंड उघडून मिटणार, आणि तिथं मदतीला पुढं व्हायला आपण नसणार.

पुढच्या रविवारी ते शिवकन्येला घेऊनच गेले. ती शनिवारी एसटीनं गावी यायचीच. दुपारी मजुरांना सरकारी सुकडीचा खाऊ वाटून झाला की तासभर सुट्टी असायची. बाभळीच्या विरळ सावलीत बाया बसल्या होत्या. सर बायनाबाईपुढं जाऊन उभे राहिले.

"बाई, त्या दिवशी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला देता आलं नाही. ह्या दोघांना ते शोधायचंय. दर रविवारी, सुट्टीच्या वेळात ही दोघं तुमच्यापुढं बोलतील. तुम्ही विचारायचं. जे मनात येईल ते."

"आमी? आमाला काय कळतंय मास्तर?"

"त्या दिवशी तुम्हाला एकटीलाच कळलं होतं."

बायनाबाई लाजली, पण बाकीच्यांकडं वळून म्हणाली, "बसा गं. बगू तरी."

मुकादम सुग्रीवला हे पसंत नव्हतं. सरकारी कामावर भाषणबाजी झाली तर वरून विचारणा होईल अशी त्याला धास्ती. पण सुट्टी संपली की शिट्टी वाजवायची तर त्यालाच, म्हणून तोही जवळ येऊन बसला. दुसऱ्या रविवारपासून तो स्वतःहून वेळ मोजायला लागला. कुणी पाच मिनिटांच्या पुढं गेलं की शिट्टी.

शिवकन्येचं भाषण पहिल्या दिवशी पारच आपटलं. सरांनीच लिहिलेलं होतं, नोकरशाही, केंद्रीकरण, उपक्रमशीलतेचा ऱ्हास. ती धडाधडा बोलली. बाया सुकडी खात राहिल्या.

"पोरी," बायनाबाई शेवटी म्हणाली, "तू सोसायटीच्या इरोधात बोलायलीस ना? मग सोसायटीचं काय वंगाळ हाय, ते सांग की. चेअरमनची पोरगी हाईस, तुला ठावं नसंल तर कुणाला?"

शिवकन्येचा चेहरा उतरला. "मला न्हाई ठाऊक, काकू," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

बायनाबाईनं सांगितलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. उन्हाळ्यात सोसायटीनं बाहेरून कडबा आणला होता. सभासदांना यादीप्रमाणं वाटला. तिचा नवरा मारुती सभासद होता. तो गेल्यावर तलाठ्यानं सातबाऱ्यावर तिचं नाव चढवलं, पण सोसायटीच्या यादीतून मारुतीचं नाव कमी झालं आणि तिचं काही लागलं नाही. "म्यां गेलते मागायला. सेक्रेटरी म्हनला, यादीत न्हाई. खरंच नव्हतं. कुनी वाईट वागलं न्हाई बग. माजं नावच नव्हतं. मंग गाय इकली."

शिवकन्या तिच्याजवळ सरकून बसली. मग हळूच विचारलं, "काकू, अशा आणखी किती जणी हायत?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं हात वर केला. मग आणखी एकीनं.

त्या दिवसापासून शिवकन्येनं सरांचा कागद मुडपून ठेवून दिला. दर शनिवारी ती गावात घरोघर जाऊन विचारायची आणि रविवारी नवं भाषण करायची. चुकायची, अडखळायची. बाया टोकायच्या, "हे खोटं हाय पोरी, गीताबाईला कडबा मिळालता, दिराच्या नावावर." ती दुरुस्त करायची.

रामकिसनची अडचण वेगळी होती. त्याला सहकाराची बाजू मांडायची होती, आणि शिवकन्येचं ऐकून तर त्याला वाटायला लागलं होतं की आपल्या बाजूत काही दमच नाही. "सर, तिचंच खरं हाय," एकदा तो म्हणाला. "म्यां काय बोलू?"

सरांच्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती. त्यांतलं एक त्यांनी देऊनही टाकलं. रामकिसननं ते मनात घोळवलं आणि मान हलवली.

"वाक्य लई चांगलं हाय सर. पण त्याच्यावर कुणी विचारलं तर मला पुढचं सांगता यायचं न्हाई."

सरांना ते लागलं. पण ते म्हणाले, "बरं. मग तू शोध." आणि गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसले. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

रामकिसनला ते सापडलं ते बोलता बोलता नाही, काम करता करता. पुढच्या खेपेला सर गेले तर तो उभाच होता, सुट्टीची वाट बघत.

"सर, ती छबुबाई बघा," तो म्हणाला. बाभळीखाली एक म्हातारी पाच-सहा लेकरं सांभाळत बसली होती. "तिच्यानं हातोडी उचलत न्हाई. पण तिचा ढीग बघा. भरलेला हाय. रोज भरतो. ज्यांची लेकरं ती बघती त्या बाया आपल्यातली दोन-दोन टोपली तिच्या ढिगात टाकत्यात. आन पाण्याचं बघा. विहीर दोन कोसावर. रोज दोघी जायच्या, सगळ्यांच्या घागरी आणायच्या, त्यांचा ढीग बाकीच्यांनी भरायचा. पाळी कुणी लिहून ठेवलेली न्हाई, पण चुकत न्हाई. म्यां दोन महिने हितं बसलोय, रोज बघतोय. आन सहकार कशाला म्हणत्यात ते तुमच्या वहीत शोधत होतो."

सर त्या ढिगाकडं पाहत राहिले. अर्थशास्त्राचं एम. ए. करताना त्यांनी सहकारावर जाडजूड पुस्तकं वाचली होती. त्यांतलं एकही त्यांना त्या घडीला आठवलं नाही.

ह्या सगळ्याची बातमी सुंदररावांपर्यंत पोचायला उशीर झाला, पण पोचली. जानेवारीच्या शेवटी ते स्वतः कॉलेजात आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छत्री. सरांनी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"मास्तर, पोरगी बोलायला चांगली झाली पाहिजे म्हणून म्यां कबूल झालो. ती खडीवर जाऊन मजुरणींत बसती, घरोघर फिरून माझ्या सोसायटीची चौकशी करती, हे मला गावकऱ्यांकडनं कळतंय. आन आता बीडला भर सभेत मांडणार. हे काय हाय?"

"स्पर्धा आहे, सुंदरराव. तिला विरोधाची बाजू आली. चिठ्ठी निघाली तशी."

"मग चिठ्ठी बदला. त्या रामकिसनला इरोध द्या, हिला बाजूनं बोलू द्या. दोन ओळींचं पत्र लिहायचं, बस."

तसं करता येत होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि सुंदररावांनाही. सरांची नेमणूक अजून कायम झालेली नव्हती, आणि ती ज्या मंडळाच्या हातात होती त्या मंडळावर समोरचा माणूस होता. 

"बदलता येईल," ते म्हणाले. "पण मी बदलणार नाही. आजवर मी लिहून दिलेलं पोरं बोलायची. ही दोघं पहिल्यांदा स्वतःचं बोलतायत. आता अदलाबदल केली तर दोघंही पुन्हा पाठ केलेलं म्हणतील. तुम्हाला शिवकन्येला पाठवायचं नसेल तर तुम्ही वडील आहात, नाव काढून घ्या. मी काढणार नाही."

सुंदरराव काही वेळ छत्रीची मूठ फिरवत उभे राहिले.

"ती खोटं बोलणार हाय का?" त्यांनी विचारलं.

"एक शब्दही नाही. खोटं बोलली तर त्या बाया तिला सोडत नाहीत."

"मी येणार ऐकायला," सुंदरराव म्हणाले आणि निघून गेले. येणार म्हणजे साथ द्यायला की अडवायला, हे सरांना कळलं नाही. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

स्पर्धेच्या दिवशी सर, दोघं पोरं आणि सुंदरराव असे चौघं सकाळच्या एसटीनं निघाले. रामकिसनचा त्या दिवसाचा ढीग बाया भरणार होत्या. तो म्हणाला होता, नंतर फेडीन. बायनाबाई म्हणाली होती, "आधी बोलून ये."

बीडच्या त्या कॉलेजचं सभागृह सरांना नेहमीपेक्षा मोठं वाटलं. पंखे फिरत होते, खुर्च्या भरलेल्या होत्या. सुंदरराव चौथ्या रांगेत कडेला बसले. सर मागं भिंतीला टेकून उभे राहिले. हातात वही नव्हती, त्यामुळं हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजेना.

रामकिसन लवकर उभा राहिला. त्याआधीच्या दोघांनी आवाजानं छत उचललं होतं. रामकिसन अगदी हळू बोलायला लागला, इतका की मागून कुणीतरी ‘मोठ्यानं’ म्हणून ओरडलं. त्यानं छबुबाईचा ढीग सांगितला. पाण्याच्या पाळ्या सांगितल्या. ज्यांच्याकडं काहीच उरलेलं नाही ती माणसं एकमेकांना धरून कशी तगून आहेत ते सांगितलं. दोनदा अडखळला. टाळ्या बेताच्याच पडल्या.

मग प्रश्न विचारायला बीडचा एक हुशार मुलगा उठला, इस्त्रीचा सदरा घातलेला. "माझ्या मित्रानं सांगितलेल्या स्त्रिया नाइलाजानं एकत्र आल्या आहेत. उद्या पाऊस पडला, प्रत्येकजणी आपापल्या शेतात गेली, तर त्या एकमेकींचे ढीग भरतील काय?"

रामकिसननं विचार केला. सभागृह थांबलं.

"ठाऊक न्हाई," तो म्हणाला.

हशा पिकला. सरांनी डोळे मिटले.

"ठाऊक न्हाई," हसू ओसरल्यावर रामकिसन पुन्हा म्हणाला. "कदाचित न्हाई भरणार. माणूस हाय, पाऊस पडला की इसरतो. म्हणूनच तर ते लिहून ठेवावं लागतं. नेम करावा लागतो, नावं घालावी लागत्यात, सभा भरवावी लागती. ज्या दिवशी गरज न्हाई त्या दिवशीही एकमेकांना बांधून ठेवणारं कायतरी पाहिजे. त्यालाच म्यां सोसायटी म्हणतो."

ह्या वेळी टाळ्या मागच्या रांगांतून सुरू झाल्या आणि पुढं आल्या.

शिवकन्या शेवटून तिसरी. तिनं एका बाईची गोष्ट सांगितली, नाव न घेता. सातबाऱ्यावर नाव आहे, यादीत नाही. मग सांगितलं की तिच्या गावात अशा नऊ जणी आहेत, प्रत्येकीच्या घरी ती स्वतः जाऊन आली आहे. ‘सगळ्यांची संस्था’ असं ज्या फळ्यावर लिहिलेलं असतं त्या फळ्याच्या आत कोण आहे आणि बाहेर कोण, हे दुष्काळातच कळतं. जी संस्था आपली यादी तपासत नाही तिच्यावर दुष्काळी भागानं सगळी भिस्त ठेवू नये. ती बसणार इतक्यात विषयाच्या बाजूनं बोलणाऱ्यांपैकी एकजण उठला. त्याला कुणीतरी कानात काही सांगितलेलं दिसत होतं.

"ज्या सोसायटीचं वर्णन आपण केलंत, तिचे चेअरमन कोण आहेत, हे आपण सांगाल का?"

शिवकन्येनं चौथ्या रांगेकडं पाहिलं. सरांना तिथून सुंदररावांची फक्त टोपी दिसत होती. ती हलली नाही.

"माझे वडील," ती म्हणाली.

सभागृहात कुजबुज झाली.

"मग ते वाईट चेअरमन आहेत, असं आपलं म्हणणं?"

"नाही. चांगले आहेत." ती म्हणाली. "कडबा आणायला ते स्वतः ट्रकबरोबर गेले होते. आमच्या घरचा वाटा त्यांनी सगळ्यात शेवटी घेतला. म्हणूनच मी त्यांच्या सोसायटीचं उदाहरण दिलं. वाईट माणसाच्या हातात संस्था वाईट चालते, हे सांगायला मी इथवर कशाला येऊ? चांगला माणूस असूनही नऊ नावं राहून गेली. नियत चांगली असली तरी भागत नाही, एवढंच माझं म्हणणं."

ती बसली.  टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या.

ढाल मिळाली नाही. ती बीडच्याच कॉलेजात राहिली. शिवकन्येला वैयक्तिक दुसरा क्रमांक मिळाला. रामकिसनला काहीच नाही. एका परीक्षकानं नंतर सरांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलाची मांडणी उत्तम, पण भाषा फार गावरान, त्याचे गुण गेले. सर संतापून तरातरा स्टँडवर आले. रामकिसन मात्र तिथं उभा राहून भजी खात होता. "जाऊ द्या सर," तो म्हणाला, "त्या पोरानं विचारल्यावर मला खरंच ठाऊक नव्हतं. बोलता बोलता कळलं. लई मजा आली."

परतीच्या गाडीत सुंदरराव खिडकीपाशी बसले, शेजारी शिवकन्या. मागच्या बाकावर सर आणि रामकिसन. मांजरसुंबा येईपर्यंत सुंदरराव बाहेरची उघडी रानं बघत होते. तिथं गाडी थांबली, माणसं चहाला उतरली, तेव्हा त्यांनी मान न वळवता विचारलं, "ती बाई म्हंजे मारुतीची बायना ना?"

"हो, दादा."

"मला कावून न्हाई सांगितलं तिनं? माझ्या ओट्यावर रोज माणसं येत्यात."

"ओट्यावर गडीमाणसं बसलेली असतात, दादा. बाईमाणूस तिथं येऊन बोलणार कसं?"

 सुंदररावांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, खाली उतरले आणि चौघांसाठी चहा सांगितला. सरांच्या हातात कप देताना म्हणाले, "मास्तर, त्या नऊ नावांची यादी पोरीकडं असंल ना? मला पाहिजे."

मार्चात हिवरदऱ्यात देवळापुढं सोसायटीची सभा भरली. सुंदररावांनी सरांना मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. बायका पहिल्यांदाच सभेला आल्या होत्या, पण देवळाच्या भिंतीआड उभ्या राहिल्या. सुंदररावांनी आपल्या समोरची जाजमाची जागा मोकळी करवली आणि त्यांना तिथं बसवलं. दोघा-तिघा जुन्या सभासदांनी नाकं मुरडली, एकजण उठून गेला. सेक्रेटरी अर्ज वाचायला लागला, "कैलासवासी मारुती यांची विधवा बायनाबाई..."

"थांबा," बायनाबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माजं नाव आधी लिवा. त्यांचं मागनं येऊ द्या."

सेक्रेटरीनं चेअरमनकडं पाहिलं. सुंदररावांनी मान हलवली. सेक्रेटरीनं तो अर्ज बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला.

सगळं काही एकदम सरळ झालं, असं नाही. दोन जणींच्या दिरांनी हरकत घेतली आणि त्यांची नावं वर्षभर लोंबकळत राहिली. पण सुंदररावांनी शिवकन्येसाठी आलेलं एक स्थळ, पदवी होईपर्यंत लग्न नको म्हणून, परत पाठवलं, आणि जूनमध्ये सरांची नेमणूक कायम झाल्याचा कागद आला.

रामकिसनची हजेरी भरत नव्हती. सरांनी प्राचार्यांपुढं तासभर वाद घातला आणि त्याला परीक्षेला बसवलं. पेपर लिहून तो बाहेर आला की आधी बोटं मोडायचा. हातोडीनं आखडलेल्या बोटांना पेन धरवत नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी तो सरांच्या घरी आला. बाकी सगळ्यात पास, इंग्रजीत गेला होता.

"ऑक्टोबरला बसायचं," सर म्हणाले. "रोज संध्याकाळी ये. मी शिकवतो."

"येतो की. पण सर, एक हाय." रामकिसन उंबऱ्यावर बसत म्हणाला. "तुमी उत्तर सांगायचं न्हाई."

सर हसले. "अरे, इंग्रजी आहे ते! स्पेलिंग तरी सांगू दे."

"स्पेलिंग सांगा," रामकिसननं परवानगी दिली आणि पिशवीतून पुस्तक काढलं.